नाव सोडून बाकी सर्व

मी, छोगालाल पिता नाथूलाल, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा पूर्वी बँडमास्टर, आता काही नाही, राहणार दो बत्तीमागची गल्ली, रतलाम, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाखाली अगर नशेखाली नसताना आपल्या मर्जीने लिहून ठेवतो की, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंची विल्हेवाट पुढीलप्रमाणे लावावी. डोळ्यांना कमी दिसते. कान मात्र शाबूत आहेत, हवे त्यापेक्षा जास्त.

‘बँडमास्टर’ हा शब्द लिहावा की नाही यावरून वकील शकुंतला पालीवाल यांच्याशी माझी हुज्जत झाली. त्या म्हणाल्या, “काका, मृत्युपत्र म्हणजे काही धंदा नव्हे. इथं तुमचं नाव तुमचंच आहे. बिनधास्त लिहा.” म्हणून लिहिले. लिहिताना हात अडखळला, हेही त्यांनी पाहिले आणि दुसरीकडे बघून चहा मागवला.

१. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात मुलगा चि. लखन यास काहीही न देता सर्व काही मुलगी चि. सौ. कृष्णा, राहणार नागदा, हिच्या नावे केले होते. ते रागात केले होते, आणि राग ज्याच्यावर काढला त्याचा काही दोष नव्हता. कृष्णाने ते वाचून माझ्यासमोर फाडले होते, पण नोंदलेला कागद फाडून रद्द होत नाही म्हणतात, म्हणून येथे लेखी रद्द करतो.

२. राहते घर. हे घर स्वकष्टार्जित आहे. खालच्या दोन खोल्या मी वाजवून बांधल्या. वरचा मजला नाव विकून बांधला. दोन्हींची वाटणी एका कलमात होत नाही, म्हणून आधी थोडे सांगतो. वकीलबाई म्हणाल्या की एवढे सांगण्याची कायद्याला गरज नाही. मला आहे.

माझे वडील नाथूलाल ढोल वाजवीत. लग्नघरी त्यांना चपला-जोड्यांजवळ बसवून जेवायला वाढत. मी ठरवले होते की आपल्याला लोकांनी नावाने बोलवायचे, ‘ए ढोलवाल्या’ म्हणून नाही. मेरठहून क्लॅरिनेट आणली, एका रिटायर फौजी उस्तादाकडे शिकलो, आणि चार जण मिळून ‘मास्टर छोगालाल बँड’ सुरू केला. मोठा ढोल याकूबभाईंकडे होता. लाल कोट, सोनेरी फीत, दिव्यांच्या गाड्यांवर माझे नाव. मंदसौरपासून झाबुआपर्यंत मुलीचे बाप आधी आमची तारीख विचारत आणि मग पंचांग उघडत. रतलामात लोक म्हणत, वरात निघाली की नाही ते बघायला नको, छोगालालची क्लॅरिनेट ऐकू आली की समजायचे.

ते नाव मी कोणाची फसवणूक होऊन गमावले नाही. कर्ज नव्हते, आजारपण नव्हते. गावाला सगळे ठाऊक आहे, तेव्हा येथे नवे काही उघड करतो असे नाही. फक्त गावात ज्या तऱ्हेने सांगतात त्यात माझ्यावर थोडी दया असते, ती काढून टाकतो.

माझे वरचे पुढचे दात गेले. क्लॅरिनेटचे तोंड वरच्या दातांखाली धरावे लागते. कवळी लावून पाहिली, ती फुंकेबरोबर सरकायची. तोवर लखन जाणता झाला होता. त्याच्याकडे ट्रंपेट होते. त्याला मी शिकवले होते, पण त्याच्या सुरात जे होते ते मी शिकवलेले नव्हते. माणक चौकातल्या एका वरातीत त्याने एकच ओळ तीनदा घेतली, तिन्ही वेळा वेगळी, आणि नाचणारे नाचायचे थांबून ऐकत उभे राहिले. एक म्हातारे शेठ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “छोगालाल, आता तू मागं चाल. पोरगं तुझ्या वरचढ निघालं.” सगळे हसले. मीही हसलो. कोणत्याही बापाने त्या दिवशी गावाला पेढे वाटले असते. मी रात्रभर कवळी लावून क्लॅरिनेट तोंडाला धरून पाहत राहिलो.

त्याच लगीनसराईच्या शेवटी रसिकलाल भंडारी आले. त्यांचा तंबू आणि रोषणाईचा मोठा धंदा होता, आता त्यांच्या मुलाकडे आहे. म्हणाले, “मास्टरजी, दात गेले, आता आराम करा. बँड मला द्या.”

“गाड्या आणि वाद्यं घ्या की.”

“गाड्या मला रोज मिळतात. मला नाव पाहिजे.”

“नाव कसं विकतात?”

“दुकान विकतात तसं. वर पाटी असते ना, ती पण आत धरायची.”

मी घरी विचारले नाही. सही करून आलो. त्या कागदात होते की ‘मास्टर छोगालाल’ हे नाव, त्याचा कोणताही भाग, त्याच्याशी मिळतेजुळते काहीही, मी किंवा माझे वारस बँडच्या धंद्यात वापरणार नाही. सगळी वाद्ये नावासकट. मी रसिकलालजींना म्हटले, माझी क्लॅरिनेट तेवढी राहू द्या. ते म्हणाले, “दात नाहीत, तिचं काय करणार? ठेवा, ठेवा.” लखनचे ट्रंपेटही त्याच वाद्यांत होते. ते मी मागितले नाही. मागितले असते तर दिले असते.

दुसऱ्या दिवशी हमाल सामान न्यायला आले तेव्हा लखन ट्रंपेट पुसत ओसरीवर बसला होता. त्याला वाटले की दुरुस्तीला नेतात. त्याने स्वतःच कपड्यात गुंडाळून हमालाच्या हातात दिले, वर सांगितले, “सांभाळून, बरं का. मधली कळ जरा नाजूक आहे.” मी दारात उभा होतो.

गुलाबबाई, माझी पत्नी, आता हयात नाही. तिने तेव्हा एवढेच म्हटले, “पोराच्या मागं चालायची लाज वाटली, म्हणून हे केलंत. मला सगळं कळतं.” आलेल्या पैशातून वरचा मजला उठला. फरशी चकचकीत, खिडक्यांना रंगीत काचा. ती मरेपर्यंत एकदाही जिना चढली नाही. उन्हाळ्यात खाली जीव उकडून निघायचा, मी वर चल म्हणायचो. ती म्हणायची, “तुम्ही झोपा तुमच्या नावावर. मला इथं बरं आहे.”

सबब: खालच्या दोन खोल्या लखन व कृष्णा यांना निम्म्या निम्म्या. कृष्णाने जुना कागद फाडतानाच, मिळेल तो हिस्सा भावाला देऊन टाकीन असे म्हटले होते, पण तिने तसे करू नये. माहेरी हक्काची जागा असावी. वरचा मजला लखनला. त्याला तिथे राहवत नसेल तर बँडच्या तालमीसाठी वापरावा. तेही नको असेल तर पाडून विटा विकाव्यात. माझी हरकत नाही.

३. लखनच्या बँडच्या नावाबाबत. यावर माझा काहीही हक्क नाही, पुढेही माझ्या नातेवाइकांपैकी कोणी माझ्यामार्फत हक्क सांगू नये. हे कलम का लागले ते सांगतो.

बँड गेल्यावर लखन वर्षभर दुसऱ्यांच्या बँडमध्ये रोजावर वाजवत होता. मग कोणाचे तरी जुने ट्रंपेट विकत घेऊन त्याने आपली पार्टी जमवली. याकूबभाई रसिकलालजींकडून उठून त्याच्याकडे गेले. गाडीवर पाटी रंगवली: ‘लखन छोगालाल बँड’. चोरी नव्हती ती. आपले नाव आणि बापाचे नाव, रेशनकार्डावर असते तेवढेच. रसिकलालजींनी दावा लावला आणि साक्षीला मला बोलावले.

मी आजारी पडू शकलो असतो. लोकांनी तसे सुचवलेही. पण पोराने न विचारता माझे नाव लावले याचा मला राग आला होता. होय, राग. विकलेल्या वस्तूचा. मी पांढरे धोतर नेसून कोर्टात गेलो. न्यायाधीशांनी विचारले, “बँडच्या धंद्यात छोगालाल हे नाव कोणाचं?”

मी हात जोडून म्हटले, “रसिकलालजींचं.”

“तुमच्या मुलाला ते लावायचा अधिकार आहे?”

“नाही, साहेब.”

खरे तेच बोललो. कागदावर तसेच होते. बाहेर आलो तर लखन पायरीवर उभा होता. मला वाटले शिव्या देईल. त्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, “दादा, लोक विचारतात, कोणाचा रे तू? बँडवाल्याला पहिलं हेच विचारतात. मग मी कोणाचा म्हणून सांगू?”

मी पाणी प्यायलो. बाटली परत दिली.

लखनला पाटी पुसावी लागणार, ही गोष्ट घरी गुलाबबाईच्या कानावर गेली. ती भाकरी थापत होती. तवा उतरवला, हात धुतले, पदर खोचला आणि लखनला घेऊन स्वतः पेंटरच्या दुकानात गेली. याकूबभाई तिथे होते, त्यांनी मला नंतर सांगितले. ती पेंटरला म्हणाली, “लिही, गुलाब बँड.”

पेंटर म्हणाला, “भाभी, बाईच्या नावाचा बँड? लोक हसतील.”

“हसू दे. यांचं नाव विकलं गेलं. माझं तर आजवर कोणी भावसुद्धा विचारला नाही. पडून आहे तसंच, कोरं. पोराच्या कामाला येऊ दे.”

लोक हसले. दोन लगीनसराया हसले. वरातीतली टवाळ पोरे ‘ए गुलाबो’ म्हणून हाका मारायची, लखन मान खाली घालून वाजवायचा. मग हसणे थांबले, कारण वाजवणे चांगले होते. आज जावऱ्यापासून बांसवाड्यापर्यंत लोक गुलाब बँडसाठी तारीख पुढे ढकलतात. ती गेली त्या दिवशी लखनच्या माणसांनी तिला स्मशानापर्यंत वाजवत नेले, आणि वाटेवरचे दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. आपल्या दारावरून हिचेच नाव जाते आहे, हे त्यांना कळत होते. माझ्या गल्लीत माझ्या बायकोचे नाव माझ्याआधी घेतात. याबद्दल माझी तक्रार नाही.

४. क्लॅरिनेट. ही चि. सौ. कृष्णास. ती लहानपणी दाराआडून ऐकून ऐकून शिकली आणि मी घरी नसताना वाजवायची. मुलीच्या जातीला बँड कशाला, म्हणून मी एकदा तिच्या हातातून ओढून घेतली होती. आता तिने घ्यावी. वाजवली नाही तरी भिंतीवर टांगू नये, हवा लागून लाकूड तडकते.

५. याकूबभाई यांस माझी खाट, रेडिओ व थंडीचा लांब कोट. त्यांनी माझ्याशी बोलणे कधी टाकले नाही. टाकले असते तर बरे वाटले असते, कारण दर ईदला शेवया घेऊन येतात आणि जाता जाता म्हणतात, “उस्ताद, काय केलंत हो तुम्ही!” दर वर्षी तेच, त्याच सुरात.

६. रसिकलाल भंडारी यांचे वारस यांना काहीही नाही. त्यांनी माझे काही लुबाडले असे मी म्हणत नाही. त्यांनी पैसे पुरे दिले. पण त्यांच्याकडे गेल्यावर माझ्या नावाचे जे झाले ते मला माझ्या नातीच्या लग्नात पाहावे लागले. ते येथे नमूद करतो, म्हणजे पुढे माझ्या कोणा वारसाला नाव विकायचा मोह झाला तर त्याने वाचावे.

लखनची मुलगी रानू. तिची सोयरीक मंदसौरला झाली. तिचे सासरे भले गृहस्थ, कापडाचे व्यापारी. त्यांना वाटले, मुलीचे आजोबा एवढे नामांकित, आपण त्यांचाच बँड न्यावा, म्हाताऱ्याला आनंद होईल. बिचाऱ्यांना खरेदी-विक्रीचे काही माहीत नव्हते; लखन वाजवतो एवढे ठाऊक होते, तो बापाच्याच बँडमध्ये असे त्यांनी धरले. आमच्या घरात ती गोष्ट कोणी काढत नसे, म्हणून आम्हीही सांगितली नव्हती.

संध्याकाळी वरात दारात आली. मी मांडवाच्या तोंडाशी हार घेऊन उभा. गाड्यांवर दिव्यांत माझे नाव, एवढाले. व्याही खाली उतरून माझ्या पाया पडले. “दादाजी, बघा, तुमचाच बँड आणला!”

लाल कोट घातलेली वीसेक माणसे होती. आवाज प्रचंड होता, छातीत धडधडत होता, आणि त्यात माणसाची फुंक कुठेच नव्हती. माझ्याजवळ जो क्लॅरिनेट धरून उभा होता त्याचे गाल फुगत होते, बोटे मात्र हलत नव्हती. मी वाकून पाहिले. तोंडाला पट्टीच नव्हती. क्लॅरिनेटला ती वेताची पातळ पट्टी नसेल तर ती नुसती काठी.

मी म्हटले, “बेटा, पट्टी कुठं गेली?”

तो म्हणाला, “बाबा, वाजवायचं थोडंच आहे? गाणं मागच्या गाडीत लागलंय. आम्ही नुसतं ओठाला लावायचं.”

तेवढ्यात जनरेटर बसला. दिवे गेले आणि गाणे मधेच मेले. अंधारात वीस माणसे वाद्ये ओठांना लावून उभी, आणि कुठूनही काही आवाज येत नाही. नवरा घोडीवर. वऱ्हाडातले कोणी ओरडले, “अरे, छोगालालचा बँड ना तुम्ही? मग वाजवा की!” मागून कोणी म्हणाले, “छोगालाल मेला वाटतं!” आणि अंधारात हशा पिकला. मी हार हातात धरून तसाच.

लखन पुढे आला. त्याच्या बँडची माणसे पाहुणे म्हणून आली होती, तलम कुडत्यांत. तो बँडच्या मॅनेजरला म्हणाला, “आम्ही वाजवतो तोवर. मुलीचं लग्न आहे.”

मॅनेजर तरणाताठा होता. म्हणाला, “जमणार नाही. छोगालाल बँडच्या गाड्यांपुढं बाहेरचा माणूस वाजवणार नाही. करार आहे.”

मी मध्ये पडलो. म्हटले, “अहो, तो बाहेरचा नाही.”

त्याने टॉर्च माझ्या तोंडावर मारला. “तुम्ही कोण, बाबा?”

माझ्या तोंडात माझे नाव आले होते. गाड्यांवर दिवे नसताना ते कोणाला दिसतही नव्हते. तरी ते उच्चारायचे धैर्य मला झाले नाही. मी म्हटले, “कोणी नाही. मुलीचा आजोबा.”

लखनने ते ऐकले. त्याने माझ्या हातातला हार काढून याकूबभाईंकडे दिला आणि मॅनेजरला शांतपणे सांगितले, “तुमच्या गाड्या मागं घ्या. तुमचं नावही घेऊन जा. आमच्या दारात आम्ही वाजवू.” मग त्याने घरातून वाद्ये आणवली. कोट नव्हते, फिती नव्हत्या, जिलेबीने चिकटलेले हात धोतराला पुसत ती माणसे उभी राहिली. दिसत काही नव्हते. दाल-बाफल्याच्या चुलीशी आचाऱ्याचा गॅसचा कंदील होता. तो मी उचलला आणि वाजवणाऱ्यांच्या पुढे चाललो. दिवा धरायचे काम बँडमध्ये सर्वांत खालचे. मी ते कधी केले नव्हते. याकूबभाई बाजूने म्हणाले, “उस्ताद, सरळ धरा. पोरांना बोटं दिसत नाहीत.” मी दोन्ही हातांनी धरला.

नवरा उतरेपर्यंत लखन वाजवत होता. व्याह्यांच्या डोळ्यांना पाणी. म्हणाले, “व्याहीजी, हा बँड कोणाचा?”

लखन म्हणाला, “आईचा.”

नंतर मी हात पाण्यात धरून बसलो होतो, तिथे तो आला. मला वाटले, आता तरी बोलेल. तो म्हणाला, “दादा, भाजलं नाही ना?” मी म्हटले, “नाही.” भाजले होते. एवढेच बोलणे झाले.

७. बँकेतली ठेव. माझ्या दवाखान्याचा व दहनाचा खर्च वजा जाता, उरेल ती रानू व कृष्णाची मुले यांत सारखी वाटावी. नाव विकलेल्या पैशांपैकी यात काही नाही, ते सर्व भिंतींत गेले.

८. अंत्यविधी. माझ्यामागे बँड लावू नये. गुलाब बँडने वाजवावे असे मनात येते, पण ते मागण्याचा मला हक्क नाही, आणि लखनने न मागता वाजवले तर लोक म्हणतील की बापाने मरताना लिहून घेतले. म्हणून स्पष्ट लिहितो: मी मागितलेले नाही. भंडारींचा बँड मान देण्यासाठी आला तर त्यास गल्लीच्या तोंडाशीच हात जोडून परत पाठवावे. भांडू नये.

९. तिसऱ्या दिवशी लोक भेटायला बसतात, त्या उठावण्याची सूचना पेपरात द्याल. त्यात ‘प्रसिद्ध बँडमास्टर’ असे छापू नये. वकीलबाई म्हणतात की छापायला कायद्याची आडकाठी नाही. माझी आहे. याकूबभाईंनी परवा विचारले, “मग काय छापायचं, उस्ताद? नुसतं छोगालाल? रतलामात त्या नावाला लोक आता बँडवरून ओळखतात, आणि तो बँड कसला ते तुम्हाला माहीत आहे.” मी बराच विचार केला. लखन व कृष्णा यांची परवानगी असेल तरच, आणि त्यांनी ती एकमेकांना विचारून द्यावी, पुढील मजकूर छापावा: ‘गुलाब बँडच्या गुलाबबाई यांचे पती वारले.’ खाली घराचा पत्ता. दुसरे काही नको. परवानगी नसेल तर जागा कोरी सोडावी.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, मी ऐकले, मान्य आहे. लखन अगर कृष्णा यांना या मजकुराची कल्पना नाही.

सही: छोगालाल पिता नाथूलाल

आमच्यासमोर सही केली, आणि त्यांनी आमच्यासमोर, म्हणून आम्ही साक्षीदार:

१. शकुंतला पालीवाल, वकील, रतलाम
२. डॉ. हेमंत गांग, दंतवैद्य, स्टेशन रोड, रतलाम (मृत्युपत्र करणारे शुद्धीवर आहेत, हेही मी लिहून देतो.)

स्थळ: रतलाम
दिनांक: ९ डिसेंबर २०१८